कालचा होल

—नाय, झेंड्याकडं नका जाऊ महेशभाऊ, तो झेंडा कालच्या होलात उभा हाय, आजचा होल मी अजून पाडलेलाच नाय. हितं बसा, बाकावर — थांबा, पुसतो, सकाळचं दव असतंय — हां, बसा आता. ती डावीकडची बाजू तुमच्या वडलांची. मी उभाच बरा. तर काय म्हणत होता तुम्ही? परवा साहेबांचं तेरावं झालं, उद्या तुम्ही पुण्याला परत जाणार, आन जायच्या आधी हा चेंडू पुरायचा — जिथं तो एका फटक्यात होलात गेला त्याच जागी. बघू? … तोच हाय. हा निळ्या शाईचा ठिपका, साहेब सगळ्या चेंडूंवर द्यायचे. डबीत घालून ठेवला होता? सात वर्षं? … बरं. पण जागा कशी सांगू मी तुम्हाला? होल म्हणजे काय विहीर हाय का, एकदा खणली का जन्मभर तिथंच?

या गोल्फातलं तुम्हाला काही कळत नाय म्हणता ना, मंग ऐका, सोपं हाय. ही गुळगुळीत हिरवळ दिसतीय ना, हिला ग्रीन म्हणतात. अशा नऊ हायेत आपल्याकडं, ही सातवी. प्रत्येकीवर एक होल, होलात पत्र्याचा डबा, डब्यात झेंड्याची काठी. आन हा होल रोज हलवायचा. का? — एकाच जागी ठेवला तर सगळ्यांचे पाय तिथंच पडतात, भोवतीचं गवत मरतं. म्हणून रोज उजाडायला मी हे कटर घेऊन येतो, नवी जागा बघतो, दाबतो, फिरवतो, का वडी निघते — वर गवत, खाली वीतभर माती, अख्खी निघते, आम्ही वडीच म्हणतो तिला. मंग कालच्या होलातला डबा आन झेंडा काढायचा, नव्या होलात बसवायचा, आन ती वडी कालच्या होलात दाबायची. पायानं नाय, हातानं. वरनं तांब्याभर पाणी. दोन दिवसांत शिवण दिसत नाय. म्हणजे आजच्या होलाची माती कालच्या होलात, उद्याच्या होलाची आजच्यात. एक्क्याण्णव सालापासनं हेच करतोय मी, पंधरा वर्षं झाली — आन तुम्ही म्हणता त्यातला एक दाखवा!

लोकांना वाटतं कोंडाजीला काय काम — हसा, हसा, माझं नाव ऐकलं का सगळ्यांना त्या नावाचा चिवडाच आठवतो, साहेबपण हसले होते — गवत तर काय आपोआप उगवतं. आपोआप! पावसाळ्यात या एकदा. चार महिने धरणाकडनं आडवा पाऊस येतो, मशीन चिखलात रुततं, गवत एका दिवसात बोटभर, आन होलात बेडूक बसलेला — झेंडा उपसला का त्याची थेट तोंडावर उडी. मंग बुरशी. सकाळी रुपयाएवढा डाग, दुपारी ताटाएवढा. गणपती गेले का तण. मंग कुसाबाईची टोळी येते गिरणाऱ्याहून, आठ बाया, ओळीनं बसून खुरप्यानं एकेक काडी उपटतात आन एकीकडं सासवांचा उद्धार चालू — पंधरा दिवस तेवढा काय तो माणसांचा आवाज असतो हितं. मंग थंडी. तिकडं निफाडला द्राक्षवाले बागंत शेकोट्या पेटवतात, आन हिकडं मी हा लांब बांबू घेऊन ग्रीनवरचं दव झाडतो — हा असा, डावीकडनं उजवीकडं. दव राहिलं का चेंडू जड चालतो, आन दवात सगळं उमटतं, टिटवीची नखंसुद्धा. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. पाटाला आवर्तन सुटलं तर पाणी, नाय तर टँकरची वाट बघा, आन रस्त्यानं जाणारा ओरडतो, माणसांना प्यायला नाय आन हा गवताला पाजतोय बघा! त्याचंपण बरोबरच हाय. मी मान खाली घालून पाईप धरतो. नऊ ग्रीन जगवायच्या, बाकीचं मैदान जळू द्यायचं. बायको होती तेव्हा घरी गेल्या गेल्या सांगायचो, नवसा, सातवी पिवळी पडली गं. ती म्हणायची, हळद लागली म्हणा की, उरकून टाका तिचं लगीन! … जाऊ द्या. आता पिवळी पडली तर पडली, कोणाला सांगायचं?

हां, साहेबांचं सांगत होतो. शहाण्णव साली आले ते पहिल्यांदा. हे मैदान सगळ्यांना खुलं, पावती फाडा आन खेळा, तरीपण पहिल्या दिवशी अर्धा तास फाटकातच उभे — आत यावं का नको. मीच गेलो, म्हटलं या की साहेब. तुमची आई नुकती गेली होती तेव्हा. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलेलं. पुढं कधीतरी मला म्हणाले, नुसतं चालून जायचं कुठं कोंडाजी, फिरून परत घरीच यायचं ना? म्हणून कुणाचीतरी जुनी काठ्यांची पिशवी विकत घेतली. आन खेळायचे कसे — बोलू का? राग नाय ना? — चेंडू राहायचा जागेवर आन गवताचा तुकडा जायचा पुढं! पण तो तुकडा शोधून आणून, परत जागेवर बसवून, वर थोपटून मंगच पुढं जायचे. असा खेळणारा मी दुसरा नाय बघितला. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं तपासायला होते ना तीस वर्षं? मला सांगायचे, कोंडाजी, एका कागदावर शंभर तिकिटं, आन एका तिकिटाचा एक दात जरी फाटका असला ना, तरी माझा डोळा आधी तिथंच जायचा. उरलेली नव्व्याण्णव दिसायचीच नाहीत. घरीपण असंच करायचे? … असणार. सवय.

आन तो दिवस तर काय, फळ्यावरच लिहिलेला हाय. क्लबच्या खोलीतला फळा बघितला ना येताना? ए. जी. गायधनी, सातवा होल, एका फटक्यात, एकोणीस जानेवारी एकोणीसशे नव्व्याण्णव. आन खालची ओळ वाचली का? वाचली नाय? साक्षीदार — कोंडाजी, हेडमाळी. नियमच हाय तसा, कोणीतरी डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे, नाय तर कोणीपण उठून सांगंल माझा एका फटक्यात गेला. मोठमोठे लोक वीस-वीस वर्षं खेळतात, एकदापण नाय होत. साहेबांचा झाला. तिकडनं मारतात — त्या उंचवट्याच्या पलीकडनं — तिथनं ही ग्रीन दिसतपण नाय, अंदाजानंच मारायचं. आन मी एकटा हितं होतो. मीच ओरडलो, साहेब, आत गेला, आत गेला! आख्ख्या नाशकात माझं नाव रंगानं लिहिलेली ती एकच जागा हाय महेशभाऊ. कधी खोलीत काही ठेवायला गेलो ना, तर बघतो. आन बघून लगेच बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. आन थर्मास, दोन कप. तेव्हापासनं रोज — सात वर्षं — सहा होल खेळायचे, सातव्यावर आले का हितं बसायचे, अर्धा-अर्धा कप चहा. माझ्यासाठी बिनसाखरेचा प्यायला शिकले हो, मला साखर निघाल्यावर. बोलायचो काय? काय नाय. आज गारठा हाय. हो. बगळे आले. हो. एवढंच. पण त्या अर्ध्या कपावर दिवस निघायचा. या डिसेंबरात खेळणं होत नव्हतं तरी रिक्षानं आले, नुसते बसायला. श्वास लागत होता. कप तसाच हातात, आन एकदम म्हणाले, कोंडाजी, मनात काही ठेवलंयस का रे? मी म्हटलं, काय ठेवणार साहेब. ते म्हणाले, बरं. मंग दुसऱ्या दिवशी आले नायत. तिसऱ्या नाय. मी आपला रोज हा बाक पुसतोय, म्हटलं थंडी हाय, येतील. सेक्रेटरीनं सांगितलं मला, ते पण सहज, बोलता बोलता — अरे, ते तुझे गायधनी गेले की परवा. … नाय नाय, तुमची काय चूक? तुम्ही मला कुठं ओळखत होता? कोणाला कळवायचं म्हणून माळ्याचं नाव कोण लिहून ठेवतं?

जागा. हां. जागाच विचारताय तुम्ही. … ती बघा. त्या कडुलिंबाच्या सावलीचं टोक संपतं ना, तिथनं आत चार पावलं. किंचित उतार हाय, दिसतोय? तिथंच. … लगेच कसं सांगितलं म्हणता? आठवतंय मला. … अहो, रोज हलतो म्हटलं मी, पण ही जागा — ही जागा ध्यानात हाय, कारण त्या दिवसानंतर तिथं मी परत होल पाडला नाय. सात वर्षांत एकदापण नाय. बघा, गवत पण कसं दाट हाय. का नाय पाडला? … मान म्हणून. साहेबांचा मान. … असं काय बघताय? डोळे अगदी त्यांच्यासारखे हायेत तुमचे. तिकीट तपासल्यासारखं बघता.

मान नाय. हात नाय झाला माझा. — चेंडू त्या दिवसाच्या होलात नाय गेला महेशभाऊ. कालच्या होलात गेला.

थांबा, मधी बोलू नका, एकदा सुरू केलंय तर होऊ द्या. नवसाला जाऊन महिना झाला होता. मूलबाळ नाय आम्हाला, अग्नी मीच दिलेला. जित्ती होती तेव्हा रोज पहाटं चहा करून हलवायची मला — उठा, तुमच्या नऊ बायका वाट बघत असतील. नऊ ग्रीन म्हणजे माझ्या नऊ बायका म्हणायची. ती गेल्यापासनं उठवायला कोण? दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा सेक्रेटरी बोलला — तिसऱ्यांदा झालं तर उद्यापासनं येऊ नकोस. आन त्या दिवशी तिसऱ्यांदा झाला. उन्हं वर आली तेव्हा मी सातव्यावर. दव झाडायलापण वेळ नाय. पळत आलो, तिकडं — त्या दगडाच्या अंगाला — नवा होल पाडला, कालच्यातला डबा काढला, झेंडा काढला, नव्यात बसवला. आता फक्त वडी उचलायची आन कालच्यात दाबायची राहिली. वडी हातात हाय माझ्या, आन वरनं चेंडू आला. उंचवट्यावर टप्पा, हिकडं टप्पा, मंग घरंगळत, घरंगळत, झेंड्याकडं नाय — ह्या उतारानं — आन गेला सरळ कालच्या उघड्या होलात. डबा नाय, झेंडा नाय, नुसतं भोक. मेलेला होल. आवाजपण आला नाय.

मी काय केलं? लोकांनी ऐकलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला खूश करायला केलं. नाय हो! मला साहेबांचं तेव्हा काय पडलं होतं? कधीमधी नमस्कार, एवढीच ओळख. मी माझ्यासाठी केलं. ग्रीनवर दोन होल दिसले असते, बोंब झाली असती, कोंडाजी आज पण उशिरा आला — आन काम गेलं असतं. पोटाचं काय, पोट कुठंपण भरतं. पण दिवसभर त्या खोलीत बसून मी केलं काय असतं? तिची साडी अजून दोरीवर होती. … म्हणून पळालो. चेंडू बाजूला ठेवून वडी कालच्यात दाबावी, हे त्या घाईत सुचलंच नाय. झेंडा उपटला, डबा उपटला, चेंडू काढून डबा ह्या कालच्या होलात बसवला, चेंडू आत टाकला, झेंडा रोवला. आन नव्या होलाची वडी नव्या होलातच परत दाबली — निघाली तिथंच गेली, म्हणून अशी चपखल बसली का देवालापण कळलं नसतं. आन मंग ओरडलो. आत गेला, आत गेला!

साहेब हळूहळू आले, गुडघा दुखायचा ना. उंचवट्यावर थांबले, बघितलं. मंग खाली आले, होलात बघितलं. मला वाटलं आता नाचतील, हात मिळवतील. पण माझी टोपी पडली होती पळापळीत, आन डोक्यावर केस नुकते फुटलेले. होलाचं सोडून ते माझ्या डोक्याकडं बघत होते. म्हणाले, कोंडाजी, घरी कोण गेलं रे? … महिन्याभरात मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मंग म्हणाले, चल, साक्षीदार तूच ना, सही कर.

सात वर्षं सांगायचं सांगायचं म्हणत राहिलो. रोज. आज सांगतो, हा कप संपला का सांगतो. पण सांगितलं तर ते फळ्यावरची ओळ खोडायला लावणार, ती खोडली का हितं बसायला कशाला येतील? त्या होलापायीच येतात ना ते! डिसेंबरात त्यांनी आपणहून विचारलं तरी काय ठेवणार म्हणून मोकळा झालो मी. तेव्हा आता तुम्ही ठरवा. तुम्हाला खरी जागा पाहिजे होती — खरा होल त्या दगडापाशी होता, त्यात चेंडू गेलाच नाय. फळा उतरवायचा तर उतरवा. सेक्रेटरीला मी सांगतो, माझ्या तोंडानं.

… रागवा तरी. — हे काय काढताय? कार्ड? … साहेबांचं खेळायचं कार्ड. डबीतच होतं, चेंडूखाली? द्या. चष्मा नाय, पण आकडे लागतात मला. एकोणीस, एक, नव्व्याण्णव. एवढे फटके पहिल्याला, हे दुसऱ्याला … पाच … सहा … हा सातवा. सातव्याला —

तीन.

हे तीन हाय ना महेशभाऊ? एक नाय ना? … नाय, साहेबांचंच अक्षर हाय, तिनाची शेपटी अशीच ओढायचे. फळ्यावर एक रंगवला आन घरी जाऊन ह्यांनी तीन लिहिला? म्हणजे — पहिला फटका हितपर्यंत, मंग खऱ्या होलापर्यंत दोन. स्वतःला दोनावरसुद्धा सोडलं नाय, बघा. बरोबर हाय, तिथनं त्यांना दोन लागलेच असते.

दव. दव झाडलंच नव्हतं मी. उंचवट्यावर थांबले होते ना ते — उन्हं समोरनं, आन खाली आख्खी ग्रीन भरलेली — चेंडूची रेघ सरळ कालच्या होलात, आन माझे पाय, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. मी सगळं बुजवलं, दव कुठं बुजवलं होतं? आन तिकिटाचा दात चुकला नाय त्या माणसाचा कधी.

मंग पेढे कशाचे होते ते?

… नाय, तुम्ही काय सांगणार, तुम्हाला कुठं माहिती. पण रोज यायचे हो. गुडघा घेऊन. थंडीचे. मला वाटायचं होलापायी येतात. आन त्यांना वाटायचं — आम्ही दोघं एका बाकावर सात वर्षं, आन दोघांच्या पोटात एकच गोष्ट.

द्या तो चेंडू हिकडं. पुरतो मी. जिथं पडला तिथंच, कालच्या होलाच्या जागी, वीतभर खाली, आन निघाली ती वडी तशीच वर. नाय, तुम्ही नका थांबू. मला नऊ होल पाडायचेत, उन्हं आली. कार्ड … कार्ड ठेवलं तर चालंल का माझ्यापाशी? … बरं. फळ्याचं राहू द्या म्हणता? बघू. जावा आता तुम्ही. आन महेशभाऊ, ग्रीनवरनं नका जाऊ — कडेकडेनं जावा. दव झाडायचं राहिलंय अजून, पाय उमटतात.